मोजणारा एक, तपासणारा दुसरा

वडाळ्यात राहणाऱ्या माणसाला कर्करोगाशी चाललेल्या लढाईचा नकाशा वेगळा पाहावा लागत नाही. एका बाजूला परळचे टाटा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हार्बरच्या गाडीने खाडी ओलांडली की खारघरचे ‘ॲक्ट्रेक’. औषधांच्या किमतीवर, बाहेरगावच्या रुग्णांच्या निवाऱ्यावर आपण बोलतो. किरणोपचाराची मात्रा मोजून देणाऱ्या माणसावर मात्र सहसा बोलत नाही. त्याचे शिक्षण काय, पगार किती, त्याच्या जोडीला कोणी आहे की नाही, हे प्रश्न थेट आपल्या घरापर्यंत येणारे आहेत.

आधी काम समजून घेऊ. डॉक्टर ठरवतात, गाठीला इतके ‘ग्रे’ द्यायचे. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवड्यांत 50 ग्रे देत. आता तीन आठवड्यांत 15 वेळा मिळून 40 ग्रे ही पद्धत रूढ झाली आहे. पण छातीत हृदय आहे, फुप्फुस आहे. त्यांना वाचवून किरण कोणत्या कोनातून आणि किती सोडायचे, याचा आराखडा सिटी स्कॅनच्या चित्रांवरून संगणकावर तयार होतो. हा आराखडा करणारा तो डोसिमेट्रिस्ट. आराखडा आणि यंत्र दोन्ही तपासून जबाबदारी घेणारा मेडिकल फिजिसिस्ट. शेवटची सही डॉक्टरांची.

माझी हयात बँकेत गेली. तिथे व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा. तिजोरीला दोन किल्ल्या, त्याही दोघांकडे. यात कोणावर अविश्वास नसतो. माणूस चुकतो, एवढे शहाणपण असते. शिवाय बँकेतली चुकीची नोंद उलटवता येते. शरीरात गेलेली मात्रा परत घेता येत नाही.

2000-2001 मध्ये पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत 28 रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा गेली. यंत्र बिघडलेले नव्हते. किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची माहिती संगणकात वेगळ्या रीतीने भरली गेली, संगणकाने उपचाराचा वेळ चुकीचा काढला, आणि तो आकडा कोणी हाताने पडताळला नाही. काही रुग्ण दगावले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या चौकशीत हे सारे बाहेर आले.

आता आपल्याकडचे पाहू. 1941 साली सुरू झालेले टाटा रुग्णालय 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. त्याच वर्षी ट्रॉम्बेला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशाला मेडिकल फिजिसिस्ट पुरवणारी ही पहिली मोठी शाळा. वाट सोपी नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., त्यावर पदविका, मग रुग्णालयात निदान एक वर्षाची उमेदवारी. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार असा माणूस असल्याशिवाय किरणोपचार केंद्र चालवता येत नाही.

नियमाने फिजिसिस्ट आला; डोसिमेट्रिस्टची वेगळी खुर्ची मात्र बहुतेक ठिकाणी आलीच नाही. आराखडे फिजिसिस्टच करतो, यंत्राची चाचणी तोच घेतो, सुरक्षेची कागदपत्रेही अनेकदा तोच सांभाळतो. लहान गावातल्या केंद्रात तो एकटा असला, तर व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा हात एकच झाला! पगाराचे म्हणाल, तर सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात दहाव्या पातळीची मूळ सुरुवात 56,100 रुपयांची. केंद्राच्या संस्थांतले फिजिसिस्ट साधारण तिथून चढतात. खासगी रुग्णालयांना असा तक्ता बांधील नाही.

अमेरिकेत डोसिमेट्रिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे. पूर्वी तिथेही काम करता करता शिकून परीक्षेला बसता येई. 2017 पासून पदवी आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोन्ही सक्तीचे झाले. मधल्या पायरीवरच्या डोसिमेट्रिस्टला तिथे वर्षाला सव्वा लाख डॉलरहून अधिक मिळतात. तिथली महागाई वेगळी, म्हणून या आकड्याचे रुपये करून हळहळण्यात अर्थ नाही. पाहायचे ते इतकेच, की त्या समाजाने या कामाला नाव, परीक्षा आणि किंमत दिली.

आपल्याकडे नाव तरी मिळाले आहे. संसदेने 2021 मध्ये संमत केलेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात ‘डोसिमेट्रिस्ट’ हा शब्द आहे. आता अभ्यासक्रम हवेत, पदे मंजूर व्हायला हवीत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ही चांगली वाट होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, आता संगणकच अवयवांच्या रेषा आखतो, आराखडाही सुचवतो. मग माणसे कशाला? बँकेत संगणक आले तेव्हाही हेच ऐकले होते. संगणकाने बेरजा केल्या, पण तपासणीची सही माणसाचीच राहिली. बेरीज झटपट होऊ लागली, म्हणजे तपासणाऱ्यासमोरचे कागद वाढतात, कमी होत नाहीत.

नवे यंत्र आले की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. यंत्राला कोट्यवधी रुपये मिळतात, तेव्हा त्याच कागदावर दुसऱ्या माणसाच्या पगाराची ओळही असली पाहिजे. घरात कोणाचे रेडिएशन सुरू व्हायचे असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे एक विचारावे: आराखडा कोणी केला, आणि तपासला कोणी? चांगल्या रुग्णालयाला या प्रश्नाचा राग येणार नाही.