प्रोजेक्ट कुठे फसला, ते सांगा आधी!

दरवर्षी पेपरात एक ठराविक बातमी येते. अमुक शाळेचा विद्यार्थी, तमुक देशातलं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, गळ्यात मेडल, हातात तिरंगा, एका बाजूला मुख्याध्यापक आणि दुसऱ्या बाजूला संस्थेचे अध्यक्ष. खाली चार ओळी. त्या चार ओळींत पोराने नक्की काय बनवलंय हे शोधून दाखवा, माझ्याकडून मिसळ! 'शेतकऱ्यांना वरदान ठरणारे यंत्र' यापलीकडे काही कळत नाही. ते चालतं कसं, कुठे वापरून बघितलं, कधी बंद पडलं... छे, त्याचं कोणाला पडलंय!

आधीच सांगतो, माझा राग पोरांवर नाही. आपण मोठ्यांनी, म्हणजे आईबाबा, शाळा, पेपरवाले आणि हौसेने 'मेंटॉर' झालेले आयटीवाले, सगळ्यांनी मिळून विज्ञान प्रदर्शनाचा जो सत्कार समारंभ करून टाकलाय ना, त्यावर आहे.

माझ्या टीममधली एक मुलगी २०१५ साली पिट्सबर्गला आयसेफला गेली होती. आयसेफ म्हणजे शाळकरी मुलांच्या संशोधनाचं जगातलं सगळ्यात नावाजलेलं प्रदर्शन. १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झालं. ती गेली तेव्हा प्रायोजक इंटेल होती, २०२० पासून रिजेनेरॉन आहे. त्या वर्षी जगभरातून साधारण १७०० मुलं आली होती. तिची हकिगत मी कँटीनमध्ये हप्त्याहप्त्याने ऐकलीये आणि दर हप्त्याला माझं डोकं जास्तच तापलंय.

प्रोजेक्ट साधा होता. जमिनीत दोन सळ्या रोवायच्या, त्यांच्यामधून किंचित करंट सोडायचा. माती ओली तर तो सहज जातो, कोरडी असेल तर अडतो. त्यावरून ठिबकचा व्हॉल्व्ह चालू-बंद करायचा. घरातल्या कुंडीत हे झकास चाललं. मग ती ते काकांच्या शेतात घेऊन गेली, काळ्या मातीत, आणि तिथे खरी मजा सुरू झाली.

आधी एक सळई गंजून पार खाल्ली गेली. सतत एकाच दिशेने करंट गेला की हे होणारच. मग तिने फक्त रीडिंग घेतानाच करंट सोडायचा आणि दर वेळी दिशा उलटी करायची अशी युक्ती काढली. ते सुटलं. मग काकांनी खत टाकलं. खतातल्या क्षारांमुळे मातीतून करंट जास्त जायला लागला आणि यंत्र म्हणायला लागलं, रान ओलं आहे! इकडे पीक माना टाकतंय आणि व्हॉल्व्ह बंद. त्यात उन्हाने काळी माती भेगाळली, सळ्यांभोवती पोकळी झाली आणि रीडिंग एकदम भलतीकडेच गेलं. हे सगळं तारीखवार तिच्या वहीत होतं.

शाळेने काय सांगावं? फसलेल्या रीडिंगचा तक्ता पोस्टरवरून काढून टाक, 'नकारात्मक दिसतं'! आणि 'रिस्पेक्टेड जजेस'पासून सुरू होणारं पाच मिनिटांचं इंग्रजी भाषण पाठ करून घेतलं, हातवाऱ्यांसकट.

बरं, आयसेफला परीक्षण चालू असताना हॉलमध्ये पालक आणि शिक्षक यांना प्रवेशच नसतो. झेंडे, लोगो, जुन्या बक्षिसांचं प्रदर्शन यातलं काही स्टॉलवर चालत नाही. सव्वा मीटर रुंदीची जागा, पोस्टर आणि तुम्ही. मातीचा नमुना ठेवायलाही बंदी, त्यामुळे बाईंकडे फक्त फोटो आणि ती वही. पहिल्याच परीक्षकाने भाषण अर्ध्या मिनिटात थांबवलं आणि विचारलं, हे कधी चुकतं?

तिने वही उघडली. पुढची दहा-बारा मिनिटं दोघं खत टाकलेल्या दिवसांच्या आकड्यांवर बोलत होते. पाणी आणि क्षार यांतला फरक तुझ्या यंत्राला कळतो का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही, या पद्धतीने कळणार नाही, कपॅसिटन्स मोजून बघावं लागेल, पण ते मी अजून केलेलं नाही. त्यावर तो खूश! तिच्याच वहीत सर्किटचं चित्र काढायला लागला.

मेडल मिळालं नाही. तिथे गेलेल्या बहुसंख्य मुलांना मिळत नाहीच. परत आल्यावर शाळेत तिला एकच प्रश्न विचारला गेला, "काय मिळालं?" ठरलेला सत्कार गुपचूप बारगळला. त्या पंधरा मिनिटांबद्दल एकाही सरांनी विचारलं नाही.

आता तिथले गुण बघा. शंभरपैकी पोस्टरला १० आणि मुलाखतीला २५. मुलाखतीत काय बघतात? स्वतःच्या निष्कर्षांच्या मर्यादा कळतात का, काम कितपत स्वतंत्रपणे केलंय, पुढे काय करता येईल हे सुचतं का. म्हणजे आपण जे पोस्टरवरून खरवडून काढायला सांगतो, नेमकं त्याचेच मार्क! पोरांना बक्षिसासाठीच पाठवायचं म्हटलं तरी आपली तयारी उलट्या दिशेने चाललीये.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'लहान आहेत हो, थोडी मदत केली तर बिघडलं कुठे?' मदत जरूर करा. सोल्डरिंग शिकवा, बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला घेऊन जा, पार्ट घेऊन द्या. ज्या पोराच्या घरात कोणी इंजिनीअर नाही त्याला तर आवर्जून करा. पण पार्ट विकत आणणं वेगळं आणि रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट विकत आणणं वेगळं. हा धंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात उघड चालतो हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. नववीत बाबांनी लिहिलेला कोड स्वतःचा म्हणून सांगणारं पोर पुढे तेच करणार, नाही का?

दुसरं उत्तर असतं, पैसा नाही, लॅब नाहीत. हेही आता तितकंसं खरं नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि २०२५च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार लॅब काढायची घोषणा झाली. इन्स्पायर-मानकमधून निवडलेल्या मुलाला मॉडेलसाठी १० हजार मिळतात. थ्रीडी प्रिंटर येतील हो. 'सर, हे चालत नाहीये' असं म्हणणाऱ्या पोराला शाबासकी देणारे सर कुठल्या टेंडरमधून आणणार?

आणि आपल्याला याचं काय, असं वाटत असेल तर सोमवारी ऑफिसात नीट बघा. डेमोला सगळं हिरवंगार, प्रॉडक्शनला गेल्यावर बोंब. टेस्टिंगमध्ये दिसलेली गडबड कोणीतरी 'नकारात्मक दिसतं' म्हणून स्लाइडवरून काढलेली असते. ही सवय नोकरीत लागत नाही राव, तिचे संस्कार शाळेतच होतात!

असो. बरंच बोललो. एवढंच करा. तुमची भाची, पुतण्या, सोसायटीतलं एखादं पोर प्रोजेक्ट दाखवायला आलं, तर 'वा वा, छान' म्हणून मोबाईलमध्ये फोटो काढू नका. खाली बसा, वही मागा आणि विचारा: हे कधी चुकलं? का चुकलं असं तुला वाटतं? आता काय करून बघणार आहेस?

वही नसेल तर पोराला ओरडू नका. आईबाबांकडे बघा.