जुने लाकूड आणि लेसर किरण

पाडलेल्या घराच्या तुळया आणि चौकटी जळणाच्या भावाने विकल्या जाव्यात, यासारखा दुसरा अपव्यय नाही. तामिळनाडूत कारैकुडी येथे चेट्टिनाडच्या जुन्या प्रासादतुल्य घरांतून निघालेले सागाचे खांब व दरवाजे विकणारा बाजारच आहे. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने नव्या लाकडाप्रमाणे सहसा आकसत नाही वा पीळ खात नाही. जुन्या फळ्यांवर लेसरने नक्षी कोरून शोभेच्या वस्तू बनविण्याचा उद्योग आता छोट्या कार्यशाळांपासून काही शाळांपर्यंत पोहोचला आहे. त्याचे स्वागतच करावयास हवे. हरकत आहे ती, कोणतीही फळी हाती लागली की ती यंत्रात सारण्याच्या सवयीला.

या कामात बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो प्रथम सिद्ध करणारे कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. या लेसरचे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु लाकूड ते तत्काळ शोषून घेते. भिंगाने ते एका बिंदूवर एकवटले म्हणजे तेथील लाकूड क्षणार्धात जळून जाते. करवत लाकडाचा भुसा करते, लेसर त्याचा धूर करतो. आणि लाकडात जे जे मुरले असेल, तेही त्या धुरात येते.

जुन्या दाराच्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अंमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाची हमी कोण देणार? रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांत क्रिओसोट हे डांबरी तेल मुरविलेले आढळते. उघड्यावरच्या खांबांना तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण पाजीत असत. हे मिश्रण सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधून काढले. वाळवीपासून लाकूड वाचविणारा तो मोठाच शोध होय. तथापि असे लाकूड जाळले म्हणजे आर्सेनिक धुरात व राखेत उतरते. रंग खरवडता येईल (तोही ओला करून, कारण त्याची कोरडी धूळ तितकीच घातक), पण आत मुरलेले विष रंध्याने निघत नाही.

इतकी शंका बाळगली तर वापरण्याजोगे लाकूड उरेल काय, असे कोणी विचारील. पुष्कळ उरेल. सागाच्या गाभ्यात वाळवीला रोखणारी द्रव्ये निसर्गतःच असतात, म्हणून घरातील सागाला रसायने पाजण्याची गरज सहसा पडत नसे. छपराखालच्या, रंग न लावलेल्या तुळया व वासे या दृष्टीने सर्वांत भरवशाचे. त्यांतील खिळे मात्र उपसावेत आणि फळी रंध्याने सपाट करावी, कारण ती वाकडी असली की किरणांचा नेम चुकतो. परदेशी मालाखाली येणाऱ्या लाकडी फळकुटांवर 'एचटी' असा शिक्का असेल, तर ती उष्णतेने कीडमुक्त केलेली असतात. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती टाळावीत. शाळेत तर जिचा पूर्वेतिहास सांगता येत नाही अशी फळी शिक्षकाने यंत्राजवळ येऊच देऊ नये, आणि धूर बाहेर नेणारा पंखा ज्या दिवशी बंद असेल, त्या दिवशी चांगल्या सागावरही यंत्र चालवू नये.