पुणतांब्याला जाल तर मळ्यावरही जा

आपल्या हॉस्टेलची शिर्डी ट्रिप ठरलेली. सबमिशन संपलं की शनिवारी रात्री निघायचं, दर्शन, शिंगणापूर, ढाबा आणि रविवारी मेस बंद व्हायच्या आत परत! मित्रांनो, माझं म्हणणं आहे, येताना गाडी पुणतांब्याला वळवा. शिर्डीचा रेल्वेफाटा फुटतो तेच हे स्टेशन, फार लांब नाही.

गोदाकाठचं हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखलं जातं. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे, जुनी देवळं आहेत, चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे तेच चांगदेव. (एम-थ्रीच्या पेपरात आपण ही परंपरा चालवतोच!)

पण घाटावर फोटो काढून लगेच परत फिरणं मला पटत नाही. या भागाचा निम्मा इतिहास चांगदेवनगर, हरेगावच्या ऊसमळ्यांवर आहे. सिव्हिलवाले इरिगेशनच्या पेपरात कालव्याचा स्लोप आणि डिस्चार्ज काढतात. त्या पाण्याने कुणाच्या जमिनीचं काय झालं, याला मार्क नसतात.

झालं असं. इंग्रजांच्या काळात गोदावरी आणि प्रवरेचे कालवे आले, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. खाजगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठमोठे मळे केले, आणि मालक शेतकरी 'खंडकरी' झाला. 1961 चा सीलिंग कायदा आला, कारखान्यांकडून जमिनी निघाल्या. त्या मूळ मालकाकडे जातील असं कुणालाही वाटेल. पण त्या गेल्या 1963 मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे! खंडकऱ्यांना प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला 2012 साल उजाडलं. तोवर मूळ मालकांपैकी कितीतरी जण गेले होते, रांगेत नातवंडं उभी होती. आणि मळ्यावर राबलेले कामगार? त्यांच्याकडे सातबारा कधीच नव्हता. त्यांची मागणी घरापुरत्या दोन गुंठ्यांची, तीही वर्षानुवर्षं चाललेली.

1 जून 2017 चा शेतकरी संप पुणतांब्यातूनच सुरू झाला, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. ज्या मुलखात जमिनीसाठी पन्नास वर्षं वाट बघावी लागते, तिथे ही ठिणगी पडली याचं मला तरी नवल वाटलं नाही.

तेव्हा पुढच्या ट्रिपला शिंगणापूर गाळा आणि दोन तास मळ्यावर घाला. चाळीच्या ओट्यावर कुणी आजोबा बसलेले दिसले तर "बाबा, तुम्ही इथं कधी आलात?" एवढंच विचारा. कॅमेरा तेवढा वेळ बॅगेत ठेवा.