येवा मोजता की काढता?

मा. सचिव,
जलसंपदा विभाग, मंत्रालय, मुंबई



जुलै लागला की आमच्या सोलापूर जिल्ह्यात आधी मोबाइल पाहिला जातो, मग चहा होतो. बंडगार्डनचा विसर्ग किती, दौंडचा किती, उजनी धरण किती टक्के. पुण्यात छत्र्या उलट्या झाल्या की इकडे माणसं खुलतात. पुणेकरांसमोर हे बोलायला संकोच वाटतो, पण आहे ते आहे. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी, हा हिशेब इथे पानटपरीवरही तोंडी होतो.

एवढ्या आशेने वाचला जाणारा 'येवा', म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याचा आकडा, तयार कसा होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जलाशयाच्या तोंडाशी कुठेतरी मीटर बसवलेला असेल, असं मीही कित्येक वर्षं समजत होतो. पण मीटर बसवणार कुठे? नदीचं तोंड फुगवट्यात बुडालेलं, ओढे चहूबाजूंनी येणारे, आणि पाऊस तर थेट जलाशयावरच पडतो. म्हणून धरणावर पाणीपातळी वाचायची, तक्त्यावरून साठा काढायचा, त्यातून आधीचा साठा वजा करायचा, सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन मिळवायचं. जे येईल तो येवा.

यात गैर काही नाही. मोठ्या जलाशयांचा येवा असाच काढावा लागतो. पण अशा आकड्याचा एक स्वभाव असतो: बाकी सगळ्यांच्या चुका त्याच्या पदरात पडतात. उजनी भरलं की पाण्याचा पसारा अंदाजे 300 चौरस किलोमीटर. त्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे 30 लाख घनमीटर, टीएमसीचा दहावा हिस्सा. वारा पाणी भिंतीकडे रेटत असताना मोजपट्टीवर सेंटीमीटरभर इकडेतिकडे होणं काही अवघड नाही. तासाभराच्या हिशेबात तेवढा सेंटीमीटर जास्त वाचला गेला, तर येवा कागदावर 29 हजार क्युसेकने फुगतो! तोच फरक चोवीस तासांवर पसरला तर जेमतेम बाराशे. तेव्हा येवा जाहीर करताना तो किती तासांच्या सरासरीचा आहे, एवढं तरी शेजारी लिहा. अर्ध्या जिल्ह्याचा रक्तदाब त्यावर हलतो.

दौंडच्या आकड्याची जात निराळी. तिथे भीमेच्या पाण्याची उंची वाचून विसर्ग ठरतो, आणि त्यासाठीचा तक्ता पात्र बदललेलं नाही या भरवशावर चालतो. भीमेतून वाळू किती उपसली गेली, ते आपल्याला मी सांगायला नको.

आता जाणाऱ्या पाण्याचं. दारं, कालवे, वीजगृह, भीमा-सीना बोगदा यांचे आकडे आम्ही वाचतो आणि त्यांच्यावर विसंबतोही. उजनीचा विसर्ग आणि वीर धरणाचं नीरेतून येणारं पाणी नृसिंहपूरच्या संगमावर एक होतं. ती बेरीज पाहूनच पंढरपूरच्या वाळवंटातली दुकानं हलतात. पण दोन वाटांचं पाणी कुणाच्या बोलण्यातच येत नाही. एक वाट आभाळाची. भरल्या जलाशयावर दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी सहाशे क्युसेक अखंड वर जातात. त्यांना ना आवर्तन लागतं, ना ठराव. दुसरी वाट फुगवट्याच्या काठावरच्या मोटारींची. तिथे उसाला गेलेल्या पाइपांत माझाही एक आहे, रीतसर परवान्याचा. परवान्यावर लिहिलेलं पाणी आणि पंपाने ओढलेलं पाणी यांची गाठ पडतेच असं नाही, हे बटण दाबणारा म्हणून सांगतो.

पावसाळ्यात या चुका खपून जातात. उन्हाळ्यात त्या बोचतात. उजनीत एकूण 117 टीएमसी मावतं, पण टक्केवारी मोजली जाते ती वरच्या 53.57 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या घरात गेली, म्हणजे मृतसाठ्यातलंही 32 टीएमसीच्या आसपास पाणी संपलं. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं. आमच्याकडची जुनी मोजपट्टी तीच. तिला सेंटीमीटर नाहीत, पण ती वाऱ्याने हलत नाही. अशा खोलीवर तक्ता जुना आणि गाळ नवा असेल, तर कागदावर प्रत्यक्षात नसलेलं पाणी दिसतं, आणि त्याच कागदावर कालवा सल्लागार समितीत आवर्तनांची भांडणं होतात.

म्हणून मागणी एकच. दर महिन्याला उजनीचा पूर्ण ताळेबंद आमच्यापर्यंत येऊ द्या: आलेलं, सोडलेलं, उडालेलं, उपसलेलं. मोजलेला आकडा कोणता, काढलेला कोणता आणि अंदाजाचा कोणता, ते प्रत्येकापुढे लिहा. साठ्याचा तक्ता कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा, तेही. आणि शेवटी एक ओळ मोकळेपणाने ठेवा: हिशेबात न बसलेलं पाणी. ती ओळ मोठी निघाली तर आम्ही ओरडू, हे कबूल. पण निदान कशावर ओरडायचं ते कळेल.

सुरुवात माझ्याच पंपाला मीटर बसवून केलीत तरी चालेल. माणूस पाठवा. फक्त जुलैत सकाळी लवकर नको. तेव्हा आम्ही दौंडचा आकडा बघत असतो आणि चहा व्हायचा असतो.

आपला,
उजनीकाठचा एक ऊसवाला