‘स्त्री अभ्यास’ शिकून पुढे काय?

पदवीचा निकाल लागला की वेंगुर्ल्यात घरोघरी एकच विषय. मुलगी म्हणते, पुण्या-मुंबईला जाऊन ‘स्त्री अभ्यास’ घेते. बाप म्हणतो, “ह्या शिकान नोकरी खंय गावतली?” प्रश्न रास्त आहे. काजू-आंब्याच्या पैशातून दोन वर्षांचा खर्च काढायचा तर हिशेब मांडायलाच हवा.

हा विषय नवा नव्हे. मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी त्याचे संशोधन केंद्र सुरू केले. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे. बाईच्या कामाचा, मजुरीचा, हक्काचा अभ्यास म्हणजे हा विषय. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटदार खातेदारांत बाया सुमारे चौदाच निघाल्या. शेतात राबते कोण आणि सातबारावर नाव कोणाचे, हे तुम्हीच ताडून पाहा.

आता नोकरीचे. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, पण जागा थोड्या. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. बचत गटांचे काम १९७५ साली स्थापन झालेले ‘माविम’ करते आणि ‘उमेद’ २०११ पासून. दोन्हीकडे गावोगाव फिरणारी माणसे लागतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आले, २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे आली. मात्र अशा जागांना बहुधा समाजकार्य किंवा कायद्याची पदवी मागतात. तेव्हा फॉर्म भरण्याआधी जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचा. नुसत्या या पदवीवर विसंबू नका, जोडीला दुसरे काही शिका.

काम मात्र दारातच आहे. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्हवून त्या पर्यटकांना खाडी दाखवू लागल्या. अशा धंद्याचा हिशेब कोण ठेवते, पैसा कोणाच्या हाती जातो, घरचे काम कोणावर पडते, हे विचारणारे शिकलेले माणूस गटाला हवेच. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी, मग तो काजू कारखाना का असेना, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती लागते आणि तिच्यात बाहेरची एक जाणकार व्यक्ती. त्यावर पोट भरणार नाही, पण अनुभव आणि ओळख मिळेल.

सरपंच मंडळींनो, २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. उत्पन्नाचा दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो खर्च ठरवताना गावच्या अशा मुलीला बोलवा, तिच्याकडून पाहणी करून घ्या आणि कामाचा मोबदला द्या.

आणि बाबांनो, मुलीला “नको” म्हणण्याआधी तिला एवढेच विचारा: जोडीला काय शिकणार?