तरतूद तोडावी ती कोणाची?

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, या शहराचे अंदाजपत्रक प्रशासकाच्याच दप्तरात तयार झाले, त्याच्याच सहीने मंजूर झाले आणि त्याच्याच अखत्यारीत खर्ची पडले. त्या काळातील अधिकाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला काहीही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या कारभारासाठी नागरिक घरफाळा आणि पाणीपट्टी भरतो, त्या कारभारातील अमुक खर्च का वाढला आणि तमुक का घटला याची उघड चर्चा त्याच्या प्रतिनिधींच्या मुखातून एकदाही त्याच्या कानी आली नाही, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आता 81 सभासदांचे सभागृह पुन्हा भरले आहे. जमेची बाजू वर्षानुवर्षे जिथल्या तिथे आणि खर्चाची मात्र चढती, अशा स्थितीत या सभागृहापुढे येणारा पहिला अवघड प्रश्न हाच आहे की, कोणत्या खात्याची तरतूद तोडावयाची, आणि ती तोडण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणी वापरावयाचा.

प्रश्नाचा हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडील नगरपालिका-महापालिकांचा जो शिरस्ता पडून गेला आहे त्यात आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात आपल्या पसंतीच्या कामांची भर घालते, महासभा आणखी घालते, आणि वाढलेल्या खर्चाचा मेळ बसावा म्हणून घरफाळ्याचे, नगररचना विभागाचे, गाळेभाड्याचे अपेक्षित उत्पन्न कागदावर फुगविले जाते. मार्च महिन्यात सर्वांच्या प्रभागाला काही ना काही मिळालेले असते आणि कोणाचीही नाराजी नसते. पुढे दिवाळी उलटते, वसुली अंदाजाच्या मागे रेंगाळते, आणि मग खरी कपात सुरू होते. परंतु ती सभागृहात होत नाही, तर लेखा विभागाच्या टेबलावर, देयकांच्या थप्पीमधून एक वर घेऊन आणि दुसरे खाली सारून होते. ज्याचा तगादा मोठा, ज्याच्या पाठीशी कारभारी मंडळींचा शब्द, त्याचे देयक निघते. ज्याचा कोणी वाली नाही ते पुढील वर्षावर जाते. दवाखान्यातील औषधांची मागणी, शाळेच्या गळक्या छपराची दुरुस्ती, अग्निशमन दलाच्या जवानांचे साहित्य, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, या बाबींसाठी लेखा विभागाच्या दारात खेटे घालणारा मनुष्य सहसा नसतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, कपात अटळ असेल तर ती उजळ माथ्याने, सभागृहात, खात्याखात्यांची नावे घेऊन आणि कारणे देऊन व्हावी.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि सर्वांत न्याय्य वाटणारा मार्ग म्हणून सरसकट कपातीची सूचना पुढे येते. प्रत्येक खात्याच्या तरतुदीतून शेकडा दहा किंवा वीस वजा करावेत, म्हणजे कोणावर अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. वास्तविक अन्यायाचा याहून निश्चित मार्ग दुसरा नाही. कोणत्याही खात्याच्या खर्चात वेतन असते, निवृत्तिवेतन असते, वीजबिल असते, कर्जाचा हप्ता असतो, आणि यांपैकी एकाही रकमेला हात लावता येत नाही. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या शेकडा 35 च्या आत असावा हा शासनाचा दंडक सर्वांना ठाऊक आहे, पण तो ओलांडला म्हणून कोणाचे वेतन कमी होत नाही. रिक्त झालेल्या जागा भरल्या जात नाहीत, इतकेच. मग दहा टक्क्यांचा सगळा भार उरलेल्या लहानशा भागावर, म्हणजे देखभाल, दुरुस्ती आणि साहित्य यांवर पडतो, आणि जे खाते कागदावर दशांशाने घटलेले दिसते त्याची प्रत्यक्ष काम करण्याची शक्ती निम्म्यावर येते. माणसे हजर आहेत, पण टिप्परचे टायर नाहीत. परिचारिका आहे, पण इंजेक्शन नाही. हा खर्च वाचला असे म्हणावयाचे, तर त्या परिचारिकेच्या वेतनावर झालेला खर्चही वाया गेला असे त्याच वेळी म्हणावे लागेल.

पाणीपुरवठ्याचे उदाहरण घ्यावे. कात्यायनीच्या परिसरातून पेठांतील हौदांत येणारे पाणी, पुढे कळंब्याचा तलाव, मग भोगावती आणि पंचगंगा, असा या शहराच्या तहानेचा इतिहास आहे, आणि मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे स्थलनाम त्याची साक्ष अजून देत आहे. दीर्घ मागणीनंतर आणि त्याहून दीर्घ रेंगाळणीनंतर, काळम्मावाडी धरणापासून पुईखडीपर्यंतच्या सुमारे 53 किलोमीटर लांबीच्या थेट जलवाहिनीतून नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी शहरात आले. त्या दिवशीचा आनंद खरा होता. परंतु जलवाहिनी टाकण्यासाठी केंद्राचा आणि राज्याचा निधी मिळू शकतो; ती चालविण्यासाठी लागणारे वीजबिल, धरणकाठच्या जॅकवेलमधील उपसा पंपांची निगा, गळतीचा शोध आणि झडपांची दुरुस्ती यांचा खर्च मात्र महापालिकेला आपल्याच खिशातून, दरमहा, न थकता करावा लागतो. या खर्चाचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. म्हणून कपातीच्या वेळी दृष्टी प्रथम तिकडेच वळते. नवी योजना आली, आता शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी येथील जुनी उपसा केंद्रे कशाला पोसावयाची, असा युक्तिवाद होऊ लागला तर तो कागदावर बिनतोड वाटेल. परंतु ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात हीच केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पुराने वेढलेल्या या शहराने टँकरपुढे घागरी लावल्या, हे ज्याने पाहिले आहे तो दुसऱ्या स्रोताशिवाय एकाच वाहिनीवर शहराला सोडण्याची सूचना सहजपणे करणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोक्याची पातळी आपण दर पावसाळ्यात बोटे मोजून पाहतो; पण त्या बोटी, ते पंप, ती नालेसफाई ज्या खात्यांच्या तरतुदींतून उभी राहते त्या तरतुदींकडे फेब्रुवारीत कोणी तितक्याच चिंतेने पाहतो काय?

कायद्याचा दाखला देऊन एक सोपी वाटणी नेहमी सुचविली जाते. 1949 च्या महापालिका अधिनियमाच्या 63 व्या कलमात आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दवाखाने, अग्निशमन, प्राथमिक शिक्षण ही त्यात येतात. आणि 66 व्या कलमात ऐच्छिक कर्तव्ये आहेत, ज्यांत उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे, सार्वजनिक वाहतूक यांचा समावेश होतो. तेव्हा पहिल्यांना हात लावू नये आणि दुसऱ्यांची तरतूद प्रथम तोडावी, असा हा विचार आहे. हा विचार अगदीच टाकाऊ नाही, परंतु कोल्हापुरासारख्या शहरास तो तसाच्या तसा लागू करता येत नाही. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्या थोर नटाच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, जळून गेले, तेव्हा 66 व्या कलमातली एक इमारत गेली असे कोणाला वाटले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेल्या त्या वास्तूसाठी पेठापेठांतील माणसे डोळे पुसत उभी होती. 1962 मध्ये सुरू झालेल्या केएमटी या महापालिकेच्या बससेवेचेही तेच आहे. तिच्या तोट्याची आकडेवारी दर वर्षी मांडली जाते, आणि ती मांडलीच पाहिजे. पण त्या बसने शिरोली, कळंबा, उचगाव या बाजूंनी शाळा-महाविद्यालयांत येणारी मुलगी ज्या दिवशी येईनाशी होईल, त्या दिवसाचा तोटा कोणत्याही खतावणीत नोंदला जाणार नाही.

शिक्षणाविषयी या गावात तरी मला फार लिहिण्याचे प्रयोजन वाटत नाही. महायुद्धाची महागाई चालू असताना, 1917 मध्ये, ज्या राजाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, त्याच्या राजधानीत महापालिकेच्या शाळांची तरतूद तोडण्याची सूचना मांडणाऱ्या सभासदाने आधी जरगनगरच्या शाळेपुढे जाऊन यावे. तेथे पाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग धरतात. चांगली चालविली तर महापालिकेची शाळा काय होऊ शकते याचे प्रमाण आपल्याच गावात आहे.

आज खर्च टाळला म्हणजे तो उद्या टळला, या समजुतीची किंमत कोल्हापूरइतकी क्वचितच कोणत्या शहराने मोजली असेल. शहरांतर्गत 49.99 किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प, सुमारे 220 कोटी रुपयांचा, ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंपनीकडे सोपविला गेला तो याच विचाराने की महापालिकेच्या तिजोरीवर भार पडू नये. भार तर पडलाच. तो नाक्यानाक्यावर, दुचाकी सोडून प्रत्येक वाहनावर, पथकर होऊन उभा राहिला. आपल्याच शहरात शिरताना पैसे मोजावयाचे ही कल्पना कोल्हापूरकरांना मानवली नाही, आणि एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्याने, गोविंद पानसरे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह, रस्त्यावर उतरून जे आंदोलन उभारले ते संपूर्ण महाराष्ट्राने पाहिले. डिसेंबर 2015 मध्ये पथकर रद्द झाला, आणि कंपनीची भरपाई अखेर सरकारी खजिन्यातून करावी लागली, म्हणजे मूळ खर्चाहून कितीतरी मोठी रक्कम सार्वजनिक पैशातूनच गेली. आंदोलनाचा विजय निःसंशय होता. परंतु रस्ते कंपनीकडे सोपविण्याचा ठराव ज्या सभागृहात प्रथम मंजूर झाला तेथे त्याची अक्षरे किती सभासदांनी वाचली होती, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

कपातीचे समर्थक विचारतील की, मग पैसा आणावयाचा कोठून. हा प्रश्न रास्त आहे. पूर्वी शहराची तिजोरी जकात नाक्यांवर रोज भरत असे. 2011 मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचा हप्ता मुंबईहून येण्याची वाट पाहणे नशिबी आले. 1972 मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्द 66.82 चौरस किलोमीटरच राहिली. हद्दवाढीच्या मागणीवर 2017 मध्ये 42 गावांचे प्राधिकरण हा तोडगा निघाला, आणि शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहती शहराच्या सोयी वापरत असताना त्यांचा कर मात्र शहरात येत नाही. इतकी वर्षे उत्पन्नाचे हातपाय बांधून ठेवलेल्या संस्थेला केवळ काटकसरीचा उपदेश करणे न्यायाचे नव्हे. तरीही हातात जे आहे ते तरी आपण नेटाने वसूल करतो काय? घरफाळ्याच्या बड्या थकबाकीदारांची नावे, पालिकेच्या गाळ्यांचे थकलेले भाडे, कधी दिलेली आणि हिशेबाविना तशीच राहिलेली तसलमात, या रकमांची यादी कपातीच्या प्रस्तावासोबत, त्याच दिवशी, त्याच टेबलावर आली पाहिजे. इंग्लंडातील बर्मिंगहॅमसारख्या धनाढ्य महानगराला सप्टेंबर 2023 मध्ये नवा खर्च थांबवीत असल्याची जाहीर नोटीस काढावी लागली, आणि पुढच्या वर्षी करवाढ आणि सेवांची कपात अशा दोन्ही गोष्टी नागरिकांवर एकदम कोसळल्या. तेथवर गोष्ट जाऊ द्यावयाची नसेल तर वसुलीचा आणि खर्चाचा विचार वेगवेगळ्या दिवशी करून चालणार नाही.

आणि सभासदाने कशास विरोध करावा, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात आधीच घालून दिलेला आहे. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय पुणे नगरपालिकेत आला, तेव्हा 32 सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोध केला, आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे सांगितले. त्यांनी काटकसर नाकारली नाही. शोभेचा खर्च आणि शिक्षणाचा खर्च यांत भेद केला. आपल्या सभागृहातही स्वागतकमानी, सुशोभीकरणाची तीच तीच कामे आणि वर्षभरात पुन्हा उखडावे लागणारे डांबर यांची मोजदाद कोणी तरी अशीच उभे राहून करावी.

त्यासाठी सभासदाला आणि नागरिकाला कागद वेळेवर मिळाला पाहिजे. प्रत्येक खात्यापुढे मागील तीन वर्षांची मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने असावेत. वेतन, वीज आणि कर्ज वजा जाता देखभालीसाठी किती उरते ते स्वतंत्र लिहिलेले असावे. कोणाची किती देयके थकली आहेत ते शेवटी जोडलेले असावे. हा दस्तऐवज सुबोध मराठीत छापून सभेच्या निदान पंधरा दिवस आधी गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चारही विभागीय कार्यालयांत, घरफाळा भरण्याच्या खिडकीशेजारी, ज्याला पाहिजे त्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा ठेवावा. हा खर्च फार थोडा आहे, आणि तो कोणत्याही कपातीतून वगळावा अशी माझी सभागृहाला विनंती आहे.