मेंढरे वाटली, पण चरायचे कुठे?

रेल्वेच्या फाटकावर ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना दिवाळीनंतरचे एक दृश्य चांगलेच ठाऊक असेल. गाडी पास होण्याची वाट पाहत रस्त्यावर दोन-तीनशे मेंढरे दाटीने उभी आहेत. पुढे काठी घेतलेला मेंढका आणि मागे घोड्यांवर लादलेला सारा संसार, त्यात कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि एखादे तान्हे पोरही. घाटमाथ्यावरच्या एका सेक्शनमध्ये मी गेटमन असताना तेच तेच धनगरवाडे दरवर्षी कोकणात उतरताना आणि मिरगाच्या आत परत वर येताना पाहिले. त्यातला एक म्हातारा दरवेळी हात वर करून सांगे, "दादा, गेट टाकू नगा जरा, निम्म्या गाभण हायती."

ते फाटक आता नाही. त्या जागी भुयारी मार्ग झाला आहे. ब्रॉडगेजवरील मानवविरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपुष्टात आली आणि रखवालीची फाटकेही क्रमाक्रमाने बंद होत आहेत. याला आमचा विरोध नाही. फाटकावरील अपघातात माणसे मरत होती आणि त्याचा ठपका पुष्कळदा आमच्याच माणसांवर येत होता. परंतु मेंढरे परतायच्या वेळी नेमका वळवाचा पाऊस होतो आणि भुयारात गुडघाभर पाणी साचते. त्यात मेंढरू पाय घालत नाही. मग कळप रुळावर येतो, आणि आमच्या रजिस्टरमध्ये 'सीआरओ' अशी एक नोंद वाढते. रस्ता आखताना मेंढक्याला कोणी विचारले होते काय?

ही गोष्ट केवळ रेल्वेची असती तर एवढे लिहिले नसते. 'शाश्वत विकास' हा शब्द १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापासून आपण ऐकत आहोत. परिषदांत तो फार चालतो. गरीब पशुपालकाच्या दारी मात्र विकास येतो तो जनावर वाटपाच्या रूपाने. महाराष्ट्रात २०१७ साली महामेष योजना आली. २० मेंढ्या आणि १ मेंढा, ७५ टक्के अनुदान. योजना वाईट आहे असे कोण म्हणेल? ज्याला मिळाली त्याला आधार झाला. प्रश्न एवढाच, की ही एकवीस तोंडे चरणार कुठे?

पूर्वी याचे उत्तर गावात होते. सुगीनंतर शिवार मोकळे व्हायचे, शेतकरी धनगराला बोलावून रात्रीची मेंढरे शेतात बसवायचा. वाघूर लावून आत कळप कोंडला की सकाळी लेंडीखत आणि मूत जमिनीत मुरलेले असे. मोबदला धान्यात मिळे, कोकणात भात किंवा तांदूळ. खत देणारा आणि चारा देणारा, दोघांचेही भागत होते, आणि त्याला सरकारचा एक पैसा लागत नव्हता. शाश्वत म्हणायचे तर यालाच म्हणावे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, शिवार बाराही महिने पिकाखाली राहू लागले. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण मेंढक्याची जागा गेली ती गेलीच.

लोकरीचीही तीच कथा. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिची घोंगडी होते. आमच्या गँगमधल्या जुन्या माणसांना पावसात घोंगडीच्या खोळीचाच आधार असे. प्लास्टिक आले, गिरणीची ब्लँकेटे आली. आज पुष्कळ ठिकाणी लोकरीला कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणजे धंदा उरला तो मटणाचा, आणि त्यात भाव ठरवतो व्यापारी. औषधपाण्यासाठी त्याच्याकडून उचल घेतलेली असते, म्हणून बाजार चढा असला तरी मेंढक्याला थांबता येत नाही.

शास्त्राकडून मदत झालीच नाही असे नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. मूळ मेंढी आपल्याच माळावरची. सुधारणा अशी असावी. पण जुळ्यांना दूध पुरायला आईच्या पोटात जास्त चारा हवा. पुन्हा आपण जमिनीपाशीच येतो.

आणि जमिनीचे काय चालले आहे? कायद्याने हक्क दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(घ) नुसार भटक्या पशुपालकांचाही चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क मान्य झाला. परंतु दावा करायचा ग्रामसभेकडे, आणि सहा महिने वाटेवर असणाऱ्याला कोणती ग्रामसभा आपला मानणार? जंगलात वृक्षलागवड झाली की चराई बंद होते. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात राज्यांना बजावले, की गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून गावाला परत द्या. इकडे गायराने नव्या नव्या कामांसाठी दिली जात आहेत. सौरऊर्जेचे प्रकल्पही त्यात आले. वीज हवी, पण सरकारी कागदावर गायरान म्हणजे 'पडीक' जमीन! तिच्यावर किती पोटे भरतात याचा रकाना त्या कागदात नसतो.

काही कार्यकर्ते विचारतील, यात कामगार संघटनेचे काय काम? ट्रॅकमन बांधवांपैकी कितीजणांच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या, हे आपापल्या गँगमध्ये विचारून पहा. शाखा डाकघरातील ग्रामीण डाकसेवकालाही माहीत असते, की बोकड विकला गेला की बाई आरडीचे थकलेले हप्ते घेऊन येते, आणि माळ बंद झाला की ते खाते बंद पडते. मेंढक्याला मालक नाही, मस्टर नाही, साप्ताहिक सुटी नाही. म्हणून तो श्रमिक नाही असे ठरवणे आपल्या सोयीचे आहे, खरे नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. सभा होतील, फलक लागतील. आपल्या शाखांनी दोनच कामे हाती घ्यावीत. फाटक बंद करण्याचा प्रस्ताव जिथे असेल तिथे कळपांची वाट कुठून जाते याची नोंद प्रस्तावासोबत जोडावी, भुयाराचे पाणी काढण्याची व्यवस्था आधी मागावी. आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव येईल त्या दिवशी रजा टाकून हजर राहावे. म्हाताऱ्या मेंढक्याला त्या सभेची नोटीस मिळणार नाही, तो तेव्हा घाटाखाली असेल.